पाण्यात दोनशे मीटर

घड्याळ विकायला काढलं ते मंजुळाबाईनं. ते ज्याच्या मनगटावर होतं त्या लोटनला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्याचा पत्ता सकाळी चहाच्या वेळी लागला.

तिचं म्हणणं सरळ होतं. घड्याळ दिलं तिच्या भावानं, तेव्हा त्याच्यावर हक्क तिचा. भाऊ तोताराम सुरतेला कामाला होता. भंगारात निघालेल्या एका जहाजावरच्या माणसाकडून त्यानं ते जुनं घेतलं, चार महिने मिरवलं आणि दिवाळीला मेहुण्याच्या हाताला बांधलं. "जपानी शे. चावी द्यानं काम नही. पाणीमा दोनशे मीटर चालस," एवढी माहिती त्यानं दिली होती. समुद्रात खोल बुड्या मारणाऱ्यांसाठी केलेलं ते दणकट घड्याळ, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाच्या हातावर येऊन बसलं. लोटन त्यात ऐटीत वेळ बघायचा आणि मग शेजारच्याला विचारून खात्री करून घ्यायचा.

मंजुळाबाईला हवं होतं शिलाई मशीन. अकरा वर्षं ती आळीतल्या बायकांच्या चोळ्या हातानं शिवत होती आणि सुईनं तिच्या बोटांची पार चाळण केली होती. त्याच आळीतला वना टेलर दुकान मोडून त्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं सुरतेला निघाला होता. तयार कपड्यांनी त्याचं गिऱ्हाईक खाल्लं होतं. मुलानं तिकडे एका शिलाई कारखान्यात काम बघून ठेवलं होतं आणि सकाळी आठच्या ठोक्याला फाटक लागतं, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं. साठीला टेकलेल्या वनाचं जन्मात घड्याळावाचून अडलं नव्हतं, ते आता अडणार होतं. मंजुळाबाईनं बोल टाकला, घड्याळ घ्या, मशीन द्या. जमलं तर आजच, नाही तर मशीन वनाबरोबर गाडीत चढणार होतं.

लोटननं मेहुण्याचं वाक्य जसंच्या तसं ठोकून दिलं. "आबा, पाणीमा दोनशे मीटर चालस."

वनानं चष्मा कपाळावर सारला, तबकडीवरचा दोनशेचा आकडा बघितला आणि म्हणाला, "चालीसन दखाड."

मीटर म्हणजे वनाच्या लेखी कापड. कापड आडवं मोजतात. खोली नावाची भानगड त्याच्या डोक्यात आली नाही आणि खरं सांगायचं तर लोटनच्याही नाही.

नदी कोरडी होती, पण गावाबाहेरच्या पाटाला पाणी सुटलेलं होतं. वनानं कापड दुकानातून लोखंडी मीटर मागून आणला आणि पाटाच्या काठानं तो टाकत, मोजत, दर दहा मीटरला दगडावर टेलरच्या खडूनं रेघ मारत निघाला. एकशे तेरावर कुणीतरी "राम राम आबा" म्हणालं, वना मोजणी विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मंजुळाबाईनं त्या राम राम म्हणणाऱ्याकडे असं बघितलं की तो वाट बदलून गेला.

मग लोटन पाण्यात उतरला. पाणी गुडघाभर. घड्याळ तर पाण्यात राहायला हवं, म्हणून बिचारा कमरेत वाकून, हात बुडवून चालू लागला. बैल घेऊन चाललेल्या धनसिंगनं ते पाहिलं.

"काय हारपनं रे?" त्यानं विचारलं.

"टाईम दखी ऱ्हायनू," लोटन म्हणाला.

धनसिंगला ते काही पटलं नाही. बैल बाभळीला बांधून तोही पाण्यात उतरला आणि जे काही हरवलं असेल ते शोधू लागला.

दोनशेच्या रेघेवर लोटननं हात वर काढला. सेकंदाचा काटा तुरुतुरु पळत होता. लोटनला चेव आला. तो तसाच मीटरभराची एकेक, अशी आणखी तीस पावलं पुढे गेला आणि दात काढत परत आला. "चालनं का नही?"

वनाचा चेहरा मात्र पडला. "लिखेल शे दोनशे. चालनं दोनशे तीस. हाई वरनं तीस मीटर कोनं?"

"मंग चांगलंच शे ना, आबा."

"काय चांगलं? ताग्यावर वीस लिखेल ऱ्हास. एकोणीस निंघनं तरी खोटं, एकवीस निंघनं तरी खोटं. ज्यानं मापच खोटं, त्याना टाईमना काय भरोसा? सुरतले फाटक बंद व्हई जाई मन्हं."

एवढं बोलून तो लोखंडी मीटर खांद्यावर टाकून निघालाही. अकरा वर्षांनी दारापर्यंत आलेलं मशीन नवऱ्याच्या तीस पावलांपायी चाललं होतं. हमालाला वाट दिसली की चालायचं एवढंच ठाऊक, थांबायचं कुठे ते दुसऱ्यानं सांगावं लागतं.

"आबा," ती म्हणाली, "चूक यास्नी शे. हाई भलत्या जोरमा चालतस. आते मी चालस."

लुगडं खोचून, घड्याळ हाताला बांधून ती पाण्यात उतरली. काठानं वना रेघा म्हणत चालला. एकशे सत्तर, ऐंशी, नव्वद. दोनशे म्हणताच तिनं हात वर काढला आणि घड्याळ पुसायला पदराखाली नेलं. लोटन वेळ लावायचा तेव्हा बाजूचं गोल बटण फिरवून बाहेर ओढायचा आणि काटा जागच्या जागी थांबायचा, हे तिनं कितीदा तरी बघितलं होतं. तिनं पदराआड बटण ओढलं आणि हात वनापुढे धरला.

काटा थांबला होता. वनानं चष्मा डोळ्यांवर ओढून तो नीट बघितला. मग त्याचे डोळे भरून आले.

"दोनशे म्हंजे दोनशे," तो म्हणाला. "आसा इमानदार माल आजकाल भेटत नही, पोरी."

आणि बंद पडलेलं घड्याळ मोठ्या समाधानानं मनगटावर चढवून तो घरी गेला. हातात काहीच न लागल्यामुळे खट्टू झालेल्या धनसिंगनं निदान मशीन तरी डोक्यावर घेतलं आणि लोटनच्या दारात आणून ठेवलं.

मंजुळाबाई मशीनवर बसली. पायाखाली चाक लोण्यासारखं फिरलं. चार टाके पडले, पाचवा पडेना. तिला सारखं ते सुरतेचं फाटक दिसत होतं, आणि फाटकाबाहेर उभा असलेला म्हातारा, हातावर पावणेबारा वाजलेले. तिला स्वतःची लाज वाटली. पदर खोचून ती स्टेशनकडे सुटली.

वना खिडकीशी बसला होता आणि नवं घड्याळ बांधलेल्या हातानं चष्मा सावरत शेजारच्याला किती वाजले ते विचारत होता. खरं सांगावं तर मशीन जाणार. न सांगावं तर म्हातारा जाणार. मंजुळाबाईनं तिसरंच केलं. गजांतून हात घालून तिनं त्याचं मनगट ओढलं, फलाटावरच्या घड्याळाकडे बघत काटे लावले, बटण आत दाबून घट्ट केलं आणि त्याचा हात गदागदा हलवला. काटा पळू लागला.

वना दचकला. "हाई तर थांबनं व्हतं ना वं?"

"तो तागा सरना, आबा. हाऊ नवा तागा."

कापडाच्या भाषेत बोललेलं वनाला लगेच पटायचं. त्यानं मान डोलावली. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "किती मीटरना?"

गाडीनं शिट्टी दिली. दोंडाईच्याबाहेर एकही रात्र न काढलेला माणूस तिच्याकडे बघत होता, आणि तो घड्याळाबद्दल विचारत नव्हता हे तिला तेव्हा कळलं. तिच्याजवळ देण्यासारखी खरी अशी एकच गोष्ट होती. लोटन एखाद्या रविवारी दिवसभर लोळला की सोमवारी घड्याळ बंद असायचं.

"याले मीटर नही, आबा," गाडीबरोबर चालत ती म्हणाली. "तुमना हात हालत ऱ्हाई तवलोंग हाई चाली. हात थांबू देऊ नका."

वना शब्दाचा पक्का माणूस. त्यानं गजांतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवायला सुरुवात केली. फलाटावरच्या लोकांना वाटलं, टेलर गावाचा निरोप घेतोय. ज्यांनी चार चार वर्षं त्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, तेही हात हलवू लागले. मंजुळाबाईनंही हात वर केला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिला तो खाली घेण्याचा धीर झाला नाही.