घाण्याचं पान

तासादितनं गावाचा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, सुरू केला आणि गावानं तो मनापासून वाचला. लिहिलं मात्र कुणी एक अक्षरही नाही. कुणीही यावं, भर घालावी, चुकलेलं दुरुस्त करावं, इतकी साधी गोष्ट! पण अल्जीरियातल्या कबायली डोंगरातली माणसं ती. तोंडावर "लिहितो की", आणि पाठ फिरली की विसरली.

त्यात एक कोडं होतं. सगळ्यांत जास्त वाचलं जाई ते तिच्या वडिलांच्या ऑलिव्हच्या घाण्याचं पान. तिनंच लिहिलेलं: अर्झकींचा घाणा, लाकडी तुळईला कीड लागून बंद पडला. लोक ते पुन्हा पुन्हा उघडत, पण विषय काढला की नजर चुकवत. का? वडील होते तोवर तेही "कीड लागली" एवढंच म्हणायचे. आणखी एखादी ओळ हाती लागेल, म्हणून तर तिनं हा सगळा खटाटोप मांडला होता.

"घरात एकेकट्यानं कोण राबतं गं?" शेजारची म्हातारी लल्ला झाहिया म्हणाली. "तिविझीला बोलाव. जेवू घाल. मग बघ."

तिविझी म्हणजे गावानं मिळून करायचं काम. हाक दिली की घरटी एक माणूस येणार, जेवण यजमानाचं. तासादितनं शुक्रवारी हाक दिली, सुक्या मटणाचा कुसकुस रांधला. लोक आले की! पण हातात कुदळी, घमेली, काठ्या घेऊन.

"भिंत कुठाय?" गावचे वडीलधारे दा अक्ली म्हणाले.

"भिंत नाही हो, लिहायचंय."

"मग कुदळीनं लिहू होय?"

हशा पिकला. गाव तिच्या हातचं पहिल्यांदाच जेवलं, तेही पोटभर. मग फोन निघाले. कुणी झऱ्यावर लिहिलं, कुणी अंजिरांवर. घाण्याला कुणी शिवेना. तिनं आपला फोन दा अक्लींपुढं धरला. "चुकलं असेल तर सुधारा ना."

"दुसऱ्याच्या हंडीत मीठ टाकू नये, पोरी."

"मीच म्हणतेय, टाका!" तिचा आवाज चढला. "सगळे वाचता आणि मला बघून गप्प होता. माझ्या बापानं चोरी केली होती का?"

सगळे दा अक्लींकडे बघू लागले. शेवटी लल्ला झाहियाच म्हणाली, "सांगून टाक रे अक्ली. ज्याला शब्द दिला तो गेला. आणि आता हिच्या घरचं मीठ खाल्लंय आपण."

"कीडबीड काही नव्हती," दा अक्ली म्हणाले. "घाणा बंद पडला त्या हिवाळ्यात बर्फानं वाट बंद झाली, गावातलं सरपण संपलं. अर्झकीची बायको बाळंत झाली, पोर थंडीनं निळी पडलेली. त्यानं आधी तुळई फोडली, मग घाण्याचं लाकडी मळसूत्र. वाट मोकळी होईपर्यंत जाळ विझू दिला नाही."

"ती पोर..."

"तूच. म्हणाला, तिला कळू देऊ नका, जन्मभर ओझं वाहील."

तासादितला हुंदका आवरेना.

"तुळई मी फोडली," मागून एकजण म्हणाला. "अर्झकीचे हात कापत होते."

"तू? तू तर नुसता जाळ घालत होतास! फोडली माझ्या भावानं!"

"आण तो फोन इकडे, मी लिहितो!"

"थांबा," तासादित म्हणाली. डोळे पुसून तिनं किडीची ओळ खोडली आणि लिहिलं, 'घाणा अर्झकींनी लेकीसाठी जाळला.' मग फोन त्या भांडणाऱ्यांच्या हातात दिला.