होमपेजवरचा जुना पत्ता

उन्नती वर्तकनं पाच जणांना बोलावलं होतं, त्यातले चार आले. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात सात वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच ती काहीतरी स्वतःच्या मनासारखं करत होती. विद्यापीठाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्या सोहळ्याआधी माजी विद्यार्थ्यांच्या वेबसाइटचं होमपेज नवं करायचं होतं. कक्षाचे प्रमुख विलास सर यांनी ते कसं असावं हे कागदावर काढूनच दिलं होतं. वर कुलपतींचा मोठा फोटो, खाली सरकत राहणारी सोहळ्याची छायाचित्रं, मग देणगीचं बटण. उन्नतीनं चार दिवस मनाशी घोळवून त्यांना विचारलं होतं, "सर, आपली जुनी मुलं वेबसाइटवर येतात कशाला, ते आधी बघूया का? चार-पाच जणांना कॉम्प्युटरसमोर बसवू. आपण फक्त बघत राहू."

"बघा ना. पण फोटो वरच राहणार," विलास सर म्हणाले होते.

बुधवारी सकाळी पहिले तिघं बसले. स्वतःचा पत्ता बदलायला एकाला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्याला मेळाव्याची तारीख सापडलीच नाही. तिसरी बाई कुलपतींच्या जुन्या भाषणावर पाच वेळा चुकून जाऊन शेवटी हसायला लागली. उन्नती मागे बसून वहीत लिहीत होती आणि तिला बरंच वाटत होतं. आपलं म्हणणं खरं निघतंय, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

चौथी आली ती जोआना. पाचूबंदरची, तिशीच्या आतबाहेरची, वसईतल्या एका खासगी इस्पितळात परिचारिका. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या निमंत्रणाला दोन मिनिटांत होकार देणारी ती एकटीच. तिच्याबरोबर तिचे वडील आल्बर्ट आले होते. ते दाराशी हेल्मेट हातात धरून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"तुम्ही असं समजा की तुम्हाला तुमचा फोन नंबर बदलायचाय," उन्नतीनं कागदावरचं वाचून दाखवलं.

जोआनानं माउसला हात लावला नाही. "मॅडम, मला नंबर नाही बदलायचा. मला माझ्या डिग्रीचं पडताळणी पत्र हवंय. शुक्रवारच्या आत."

"त्यासाठी मेल करावा लागतो…"

"सतरा केले." जोआनानं होमपेजच्या तळाशी असलेल्या पत्त्यावर बोट टेकवलं. "हा बघा. ह्याच्यावर. नोव्हेंबरपासून. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. सुट्टी टाकून दोनदा गेटवर आले. वॉचमन म्हणाला, माजी विद्यार्थ्यांचं सगळं ऑनलाइन, आत सोडायचं नाही. तुमचा परवाचा मेसेज आला ना, ते ह्या विद्यापीठाकडून मला आलेलं पहिलं उत्तर. म्हणून आले मी. टेस्ट-बिस्ट मला काही माहीत नाही."

दाराशी उभे असलेले आल्बर्ट हळूच म्हणाले, "बाय, हिला आयर्लंडला नोकरी लागलेली हाय. दोन वरसं झटली पोर. आता एक कागद नाय म्हून सगलं अडलाय. कोन बोलतच नाय आमच्याशी."

उन्नतीनं पत्ता पाहिला. तो जुना होता. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाची मेलची व्यवस्था बदलली तेव्हा नवा पत्ता वेबसाइटवर घालायचं काम तिचंच होतं. संपर्काच्या पानावर तिनं तो घातला होता. होमपेजच्या तळाशी जुनाच राहिला होता. तेवढ्यात कुठलासा कार्यक्रम आला असेल, नाहीतर मागून विलास सरांनी हाक मारली असेल. तिला आठवेना. रोज सकाळी ती हेच होमपेज उघडत होती आणि तळापर्यंत कधी गेलीच नव्हती.

जुन्या खात्याचा पासवर्ड टेबलाच्या खणातल्या डायरीत निघाला. खातं चालू होतं, मेल येत होते. न वाचलेले, अकराशे चाळीस. जोआनाच्या शेवटच्या मेलचा विषय होता, 'Please कोणीतरी वाचा'.

"सापडला का?" जोआनानं विचारलं.

"सापडला," उन्नती म्हणाली. पत्ता कोणाकडून राहिला, ते तिनं सांगितलं नाही.

जोआनाचं प्रकरण असं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला पडताळणीचा अर्ज थेट विद्यापीठाकडून हवा होता, परीक्षा नियंत्रकांच्या सही-शिक्क्यासह, आणि त्यात तिच्या प्रात्यक्षिकाच्या तासांची नोंद हवी होती. शुक्रवारी तिथले दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडचे साडेपाच, ही मुदत. त्याच दिवशी तिच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या गुणांची दोन वर्षांची मुदतही संपत होती. त्यानंतर कागद पोचला तर सगळं नव्यानं, आणि आयर्लंडच्या इस्पितळानं धरून ठेवलेली जागा गेली.

"होईल," उन्नती म्हणाली. "मी स्वतः करते."

परीक्षा विभागातल्या कौस्तुभनं मात्र डोकं धरलं. "ताई, नियंत्रक सर नाशिकला. शुक्रवारी दुपारी येणार. आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाची सही चालत नाही. तासांची नोंद तर जुन्या फायलीत, मागच्या गोदामात."

गुरुवारचा अख्खा दिवस उन्नती आणि कौस्तुभ त्या गोदामात होते. फायली वर्षांप्रमाणे लावलेल्या नव्हत्या, दोरीनं बांधून नुसत्या रचून ठेवल्या होत्या. धुळीनं उन्नतीचा घसा बसला. जोआना दर तासाला मेसेज करी, आणि दर तासाला उन्नती लिही, शोधतेय. चार वाजता फाईल मिळाली. तासांचं पान शाबूत होतं. कौस्तुभनं अर्ज भरला, शिक्का मारून ठेवला. राहिली फक्त सही. त्या दिवशी घरी जाताना आगाशीच्या बाजारात उतरल्यावर उन्नतीला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शुक्रवारी नियंत्रक तीन वाजता आले आणि गाडीतून उतरून थेट सभागृहात गेले. तिथं सोहळ्याची रंगीत तालीम चालू होती. कुलपती पहिल्या रांगेत होते, नियंत्रक त्यांच्या शेजारी. उन्नती अर्ज छातीशी धरून बाजूच्या दारात उभी राहिली. विलास सरांनी तिला पाहिलं, उठून आले.

"आत्ता नाही. कुलपती बसलेत."

"सर, साडेपाचची मुदत आहे. एक सही फक्त."

"अहो, दहा मिनिटांत चहाची वेळ होईल. तेव्हा घ्या. माझी शोभा करू नका."

उन्नती थांबली. पुढे कितीतरी दिवस तिला हीच गोष्ट टोचत राहिली. पत्ता राहून गेला ती चूक नकळत झाली होती. इथं मात्र तिला सगळं माहीत होतं, आणि तरीही ती थांबली. पंधरा पावलांवर नियंत्रक बसले होते. दहा मिनिटांची चाळीस झाली, चाळीसची सत्तर. स्वागतगीत दोनदा म्हणून झालं. फोन थरथरत राहिला आणि ती तो पर्समध्ये दाबून धरत राहिली. पाचला दहा मिनिटं असताना तिनं एक पाऊल आत टाकलं, विलास सरांनी मान हलवली, ती मागे आली.

पाच वाजून वीस मिनिटांनी चहा झाला. नियंत्रकांनी अर्ज वाचलाही नाही, कप सावरत सही ठोकली. "इतकं तातडीचं होतं तर मधेच यायचं की हो," ते म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले.

उन्नती धावत परीक्षा विभागात पोचली. कौस्तुभ स्कॅनर चालू करूनच बसला होता. पाच एकोणतीसला मेल गेला आणि लगेच परत आला. फाईल मोठी झाली होती. त्यानं घाईघाईनं ती लहान केली, एक पान उलटं आलं, पुन्हा केलं. मेल पोचला तेव्हा पाच एकेचाळीस झाले होते.

सोमवारी कौन्सिलचं उत्तर आलं. भाषा सभ्य होती. कागद मुदतीनंतर मिळाल्यामुळे अर्ज बंद करण्यात आला आहे, नव्या गुणपत्रकासह पुन्हा अर्ज करता येईल.

त्याच दुपारी होमपेज ठरवायची बैठक होती. कुलसचिव लतिकाबाई अध्यक्ष होत्या. विलास सरांनी पडद्यावर फोटो दाखवले, कुलपतींचा कुठला घ्यावा यावर वीस मिनिटं गेली. मग लतिकाबाई म्हणाल्या, "उन्नती, तुम्ही माणसं बोलावून काहीतरी बघितलं म्हणे. काय दिसलं?"

उन्नतीनं चार दिवसांत त्या अकराशे चाळीसपैकी सहाशे मेल वाचले होते. नव्या होमपेजची तिनं तयार केलेली चित्रं तशीच बाजूला ठेवली. "मॅडम, आपल्याकडे लोक तीनच गोष्टींसाठी येतात. पडताळणी, गुणपत्रकाची प्रत, नावातली दुरुस्ती. देणगीबद्दल विचारणारे सहाशेत दोन निघाले. लोकांनी दोन वर्षं लिहिलं आणि आपण एकही वाचलं नाही, कारण पत्ता चुकीचा राहिला होता. तो मी बदलायचा होता. माझ्याकडून राहिला. त्यात एका मुलीची परदेशातली नोकरी शुक्रवारी गेली."

विलास सर तिच्या कानाशी पुटपुटले, "हे इथं सांगायची काय गरज होती?"

"बाकीच्यांचं काय झालं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, मॅडम."

होमपेज उन्नतीच्या म्हणण्याप्रमाणे झालं. वर तीन मोठी बटणं, त्यांच्याखाली चालू असलेला फोन नंबर, कुलपतींचा फोटो पार खाली. उन्नतीला लेखी समज मिळाली, ती तिनं सही करून घेतली. नियमात बसणारी शिक्षा तेवढीच होती आणि तिला ती फार कमी वाटली.

मग ती रोज वीस-पंचवीस जुन्या मेलना उत्तरं देऊ लागली. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, तुमचं काम अजून बाकी आहे का? बहुतेकांकडून काहीच आलं नाही. ज्यांचं आलं त्यांतल्या पुष्कळांनी एकच ओळ लिहिली होती, आता गरज नाही. एका बाईनं लिहिलं होतं, ज्यांच्यासाठी प्रत हवी होती ते आता नाहीत. त्या दिवशी उन्नतीनं पुढचा मेल उघडला नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी ती पाचूबंदरला गेली. आल्बर्ट बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होते. त्यांनी तिला ओळखलं, खुर्ची आणून दिली आणि पुन्हा कामाला लागले. जोआना बाहेर आली ती ड्यूटीच्या कपड्यांतच.

"मी माफी मागायला आलेय," उन्नती म्हणाली. "पत्ता माझ्यामुळे चुकला होता. आणि त्या दिवशी मी दारात दोन तास नुसती उभी होते. आत जायला हवं होतं."

जोआनानं वलांडीवरचा एक बोंबील सरळ केला. "मला वाटलं सर्व्हर डाउन होता. कौस्तुभनं तसंच सांगितलं."

"नाही."

"कळलं." तिनं केस बांधले, पाठीला बॅग लावली. "मॅडम, तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण मी तुम्हाला 'जाऊ दे' म्हणणार नाही. मला तसं वाटतच नाही."

"नका म्हणू," उन्नती म्हणाली.

"नव्या पानावर किती दिवस लागतात ते कुठंच लिहिलेलं नाही. ते लिहा. माणूस वाट बघतो ना, त्याला आकडा लागतो."

एवढं बोलून ती गेली. आल्बर्टनी उन्नतीला पाणी दिलं. "पानी पी बाय, ऊन हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा बोंबलांकडे वळले.

जोआना एप्रिलमध्ये इंग्रजीच्या परीक्षेला पुन्हा बसली. लेखनात अर्ध्या गुणानं राहिली. तिनं तो निकाल उन्नतीला पाठवला, सोबत एक शब्द नाही. उन्नतीनं दोनदा उत्तर लिहून खोडलं. दुसऱ्या दिवशी जोआनाचा आणखी एक मेसेज आला. जुलैत परत बसतेय, पडताळणीचा अर्ज आत्ताच टाकला आहे, क्रमांक खाली दिलाय.

उन्नतीनं तो अर्ज छापला आणि स्वतः परीक्षा विभागात घेऊन गेली. नियंत्रकांच्या खोलीत कोणी पाहुणे बसले होते. तिनं दार ढकललं आणि आत गेली.