कोऱ्या चौकटी

बाबांच्या मंडपात, काचेच्या परातीतल्या अत्तराच्या पाण्यात फोटो बुडाला. आधी कुणाच्या तरी आजोबांच्या मिशा गेल्या, मग नाक, शेवटी डोळे. गर्दीने हात जोडले.

"सुटला जीव," गावात नुकतेच अवतरलेले कफनीवाले बाबा त्या घरच्यांना म्हणाले. "कागदात अडकला होता, म्हणून तर तुमच्या घरातलं दुखणं हटेना."

अक्कल वाटताना देवाने आमच्या गावापुरता हात आखडता घेतला असावा. मी इथल्या शाळेत शिकवते. शाळेच्या सभागृहात गावाच्या जुन्या फोटोंचं दालन मांडत होते: पहिली शाळा, कालवा खणणारी माणसं, लग्नातले रुसलेले चेहरे. प्रत काढून मूळ फोटो परत द्यायची बोली होती. तरी लोक म्हणत, "बाई, उद्या बघू." बाबांकडे मात्र मेंढरांसारखे धावले. आठवडाभरात अर्ध्या गावाचे पूर्वज पुसले गेले, आणि ते पांढरे कागद लोकांनी चौकटीत घालून अभिमानाने भिंतींवर टांगले.

शेजारच्या मावशीचा मुलगा कालव्यात बुडाला होता. त्याचा एकमेव फोटो घेऊन ती रांगेत उभी होती.

"मावशी, आधी मला प्रत काढू द्या."

"नको पोरी. प्रतीतही अडकेल तो. बाबांनी सांगितलंय."

फोटो परातीत गेला. मी धावत जाऊन वाकले, तेव्हा अत्तराआडून ओळखीचा वास आला. आम्ही शाळेचे पडदे धुतो त्या ब्लीचचा.

"बाबा, यात जिवंत माणसाचा फोटो टाकला तर?"

"जिवंताला हे पाणी शिवत नाही, बाई."

मंडपाच्या खांबावरून मी बाबांचाच फोटो काढला आणि परातीत सोडला. दाढी विरघळायला लागली.

"गेले बाबा," मागून कुणीतरी म्हणालं.

बाबांची बोबडी वळली. घाईघाईत परात ओढताना पाणी अंगावर सांडलं आणि भगव्या कफनीवर पांढरे डाग उमटले. मग लोक पोट धरून हसले. तेच लोक.

मावशी हसली नाही. ओला कागद उलटसुलट करून ती म्हणाली, "आता काढ ना प्रत. यंत्राला दिसेल ना तो?"

"नाही दिसणार, मावशी."

"त्याच्या भुवईवर खूण होती. डाव्या की गं उजव्या?"

मला ठाऊक नव्हतं. तिलाही आता आठवेना.

मावशीला विचारून तो कोरा कागद दालनात मधोमध लावलाय. खाली लिहिलंय: "आमचं गाव." चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी नाक पुढे करा. नमस्कार नंतरही करता येतो.