पाणी चुकलेली प्लेट

"साहेब, ही प्लेट जाऊ देऊ नगासा. परत भट्टीत घालाय पायजे."

आकाराम चौगुले हे बोलला तेव्हा अडकलेली क्रेन नुकतीच हलली होती. भट्टीतून काढलेली लालभडक प्लेट पाण्याच्या टाकीच्या वर चांगली चार मिनिटं लोंबकळत राहिली होती. पाण्यात गेली तेव्हा तिची लाली पार काळवंडली होती.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत आकाराम अठ्ठावीस वर्षं मँगनीज पोलादाला पाणी देत आला होता. खडी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यात या प्लेटा बसतात. दगडाचा मार खाईल तसं हे पोलाद घट्ट होत जातं. पण भट्टीतून निघाल्या निघाल्या पाण्यात बुडालं तरच. वाऱ्यावर निवलं की आतून ठिसूळ. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

"काका, गाडी दारात उभी हाय," सुपरवायझर यशराज म्हणाला. "चार मिनिटानं काय हुतंय?"

आकारामनं रंगाचा ब्रश उचलला. प्लेटवर पांढऱ्या रंगानं पाठवणीचा नंबर त्यानंच घातला.

दीड महिन्यानं हातकणंगल्याकडच्या एका खाणीवर ती प्लेट फुटली. उडालेला तुकडा क्रशर चालवणाऱ्या धोंडीरामच्या छातीत बसला. माणूस जागेवर गेला.

तुकडा कारखान्यात परत आला. आकारामनं मोडलेली बाजू उन्हात धरली. ठिसूळ पोलादाचे जाड दाणे साखरेसारखे चकाकत होते. त्याच दुपारी तो तुकडा वितळायला गेला आणि कारखान्याच्या अहवालात आलं, चालवणाऱ्यानं दगडाबरोबर लोखंड आत जाऊ दिलं म्हणून प्लेट फुटली.

"ह्ये खोटं हाय," आकाराम मॅनेजरला म्हणाला. "त्या प्लेटचं पाणी चुकलंतं. मी हुतो की तिथं."

"तू होतास ना? मग तेव्हा लिहून का दिलं नाहीस?"

दुसऱ्या दिवसापासून त्याला वाळू चाळायला लावलं. खाणमालकानं त्याचं नुसतं ऐकून घेतलं, पोलिसांनीही. वितळलेल्या लोखंडाचा पंचनामा कोण करणार?

शेवटी एका रविवारी तो धोंडीरामचं घर शोधत गेला. धोंडीरामची बायको शालन दारात शेंगा फोडत होती. आकारामनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. हात मात्र थांबले नाहीत.

"तवा बोलला का न्हाईसा?" तिनं विचारलं.

"बोललो. एकदाच."

"एकदाच."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली. "आत या. मामांस्नी सांगा. पोरानं हयगय केली म्हणून चार महिनं गावात त्वांड दाखवंनात. ऐकाय कमी येतंय, मोठ्यानं सांगा."

आत धोंडीरामचा म्हातारा बाप भिंतीकडं तोंड करून बसला होता. आकाराम त्याच्याजवळ खाली बसला.

"धोंडीरामची चूक न्हवती, बाबा."

"आं?"

"चूक न्हवती त्येची! प्लेट आमची वाईट हुती! मला ठावं हुतं!"

आवाज गल्लीत गेला. शेजारपाजारची माणसं आपापल्या उंबऱ्यावर आली. म्हातारा काठी चाचपत उठला, सुनेच्या आधारानं दारापाशी आला आणि बाहेरच्या माणसांकडं बोट करून म्हणाला, "पावणं, हितं उभं ऱ्हावा. आता परत सांगा."

आकाराम दारात आला. त्यानं परत सांगितलं.