आठपैकी चार जीबी

झुलालआबा दुसऱ्या दिवशी मुलीकडे सुरतेला कायमचे राहायला निघणार होते. म्हणून नकाशा आजच उघडायला हवा होता, आणि तो उघडत नव्हता.

नकाशा त्यांच्या नातीचा, दिपमालाचा. अकरावीतली ही पोर शनिवार-रविवारी देवपुरात माझ्याकडे संगणक शिकायला येते. पांझरेकाठच्या गावाची ड्रोनने काढलेली सहाशे छायाचित्रे तिने कॉलेजच्या मोठ्या मशीनवर जोडून एक अखंड चित्र केले होते. त्यांच्याकडे फडाची शेती. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि पाळीपाळीने सगळ्यांना मिळते. ते सोडणारा तो पाटकरी. आबा चाळीस वर्षे पाटकरी होते. पाटाच्या कुठल्या चारीला, म्हणजे फाट्याला, काय म्हणतात, हे आता त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. गुडघ्यांनी त्यांचे शेतात हिंडणे बंद केले, तेव्हा तिने शेतच त्यांच्यापुढे आणायचे ठरवले. आज नावे टिपून घ्यायला ती त्यांना माझ्याकडे घेऊन आली होती.

संगणक म्हणत होता, मेमरी अपुरी आहे. दोन महिन्यांपूर्वी मी त्यात चार जीबीची दुसरी रॅम बसवली होती. म्हणजे एकूण आठ. विंडोज मात्र सांगत होते: बसवलेली आठ, वापरता येणारी चार.

"नाना, तुमची अर्धी रॅम पेन्शनवर गेली," नवल म्हणाला. तो तिचा वर्गमित्र.

मी मुलांना नेहमी सांगतो, सोप्यापासून सुरू करा. दोन्ही रॅम काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या, जागा बदलून पाहिल्या. एकेकटी लावली तर दोन्ही चालत होत्या. विंडोज चौसष्ट बिटचे होते, म्हणजे चारच्या वर मोजू शकणारे. मशीन सुरू होतानाचा पहिला पडदा पाहिला, तर तिथे आठच्या आठ दिसत होत्या. म्हणजे मशीनला सगळे ठाऊक होते, अडवणूक विंडोजमध्येच होती.

मग विंडोज सुरू होतानाच्या सेटिंगांमध्ये शिरलो. तिथे 'कमाल मेमरी' या चौकटीत खूण होती आणि पुढे आकडा: ४०९६ एमबी, म्हणजे बरोबर चार जीबी. हा आकडा आपोआप पडत नाही. मी मुलांकडे पाहिले.

"मी टाकला," दिपमाला म्हणाली. मान खाली होती, पण आवाज खाली गेला नव्हता. "माझा नकाशा फार मोठा. सगळी मेमरी तोच पिऊन टाकेल असं वाटलं. माझ्यानंतर नवलची पाळी असते ना, नाना. त्याला उरायला नको?"

तीस वर्षांत मुलांच्या चुका पुष्कळ पाहिल्या, पण आपल्या पाळीत दुसऱ्यासाठी अर्धे राखून ठेवणारी चूक पहिल्यांदाच पाहत होतो.

मग तिला सांगितले, ही मेमरी पाण्यासारखी संपत नाही. तुझे काम बंद झाले की सगळी जागा पुन्हा मोकळी होते, जशीच्या तशी. खुर्चीत बसलेले आबा ऐकत होते. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावले.

"रोज बठ्ठं वापरानं, आनि रोज बठ्ठं भरेल?" त्यांनी विचारले.

"हो, आबा. रोज सगळं."

"असं पानी मी जलममा देखं नही."

खूण काढली, मशीन पुन्हा सुरू केले. आठ. दिपमालाने चित्र उघडले. आधी राखाडी चौकोन दिसले, मग एकेक चौकोन हिरवा, मातकट होत गेला आणि बंधाऱ्यापासून शेवटच्या वावरापर्यंत सारे गाव पडद्यावर आले. आबा उठून जवळ आले. ज्या जमिनीवर चाळीस वर्षे चालले, ती त्यांनी एकत्र कधी पाहिली नव्हती.

मग त्यांनी बोट टेकवले आणि पाटाबरोबर सरकवत नावे सांगू लागले. दिपमाला टाइप करत गेली. एका जागी पाट विनाकारण वळला होता. तिथे बोट थांबले.

"आठे निंब व्हता."

चित्रात तिथे झाड नव्हते, नुसते वळण होते. दिपमालाने माझ्याकडे पाहिले.

"लिही," मी म्हणालो.