माझा तपकिरी रंग आणि बनूबाईंचा पाय

मी बोलतेय खरी, पण मान खाली घालून. उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधली अँटीबॉडीची कुपी मी. बोटाएवढी, पण तोरा केवढा!

माझा जन्म सशाच्या रक्तातला. त्या बिचाऱ्याला क्षयाच्या लसीतले जंतू टोचले आणि त्यांच्याशी लढायला त्याच्या अंगाने मला घडवलं. पेशंटच्या मांसाच्या पातळ कापावर मला सोडतात. क्षयाचा जंतू दिसला की मी त्याला चिकटते, मग रंग घातला की तिथे तपकिरी उमटतं. माझ्या जोरावर किती रिपोर्ट लिहिले गेले! नुसती फुगले होते मी.

माझी खोड मला ठाऊक होती. त्या जंतूशी थोडा तोंडवळा जुळला, की मी कुणाच्याही गळ्यात पडते. अगदी बुरशीच्यासुद्धा. माझ्यासोबत आलेल्या कागदावर ते छापलंय. पण वाचतो कोण? फ्रिज डुगडुगतो म्हणून तो कागद घडी घालून त्याच्या पायाखाली सरकवलेला.

चामटोलीजवळच्या वाडीतल्या बनूबाईंच्या पायाचा तुकडा आला. रानात लाकडं आणताना काटा मोडला होता, जखम चिघळली होती. मी त्यावर पडले आणि झालं, सगळीकडे तपकिरी!

"मॅडम, बुरशी दाखवणारा स्टेन पण लावून बघू?" टेक्निशियन कीर्तीने विचारलं.

"एवढं ब्राऊन आलंय ना? मग कशाला टाइम घालवतेस?" डॉक्टर वृंदा म्हणाल्या आणि क्षय लिहून मोकळ्या झाल्या.

सात महिने बनूबाईंनी क्षयाच्या गोळ्या गिळल्या. तोवर बुरशी हाडात शिरली. दुसरा तुकडा आला तेव्हा कीर्तीने कुणाला न विचारता बुरशीचा स्टेन लावला. काळ्या धाग्यांचं जाळंच दिसलं. पण उशीर झाला होता, पाय कापावा लागला. मेली मी का नाही सांडले त्या दिवशी!

आज बनूबाई कुबड्या घेऊन दोन जिने चढून आल्या. टेबलावर, माझ्या शेजारीच, वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि वृंदा मॅडमना हात जोडले.

"बाय, तुमी खरा रोग हुडकला म्हनून मी जगले. पयला रिपोट कुनी चुकीचा दिला, देव जाने!"

तोही इथलाच, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वृंदा मॅडमच्या तोंडून "सांभाळून जा, मावशी," एवढंच बाहेर आलं.

अहो मॅडम, खोटं मी बोलले, सही तुम्ही केलीत. माझं कुणाला ऐकू जात नाही, तुमचं जाईल. त्या अजून पहिल्याच जिन्यात आहेत, एकेक पायरी उतरतायत. हाक मारा ना त्यांना!