एकोणीस अंड्यांची अजगरीण

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा माझ्या डोक्यावरची फळी उचलली गेली.

मी अजगरीण बोलतेय. दहा फूट लांब, पण विष थेंबभरही नाही. माझ्या ओठांवर बारीक खळगे आहेत, त्यांनी अंधारातही उंदराची ऊब कळते. शेपटीच्या मुळाशी दोन छोट्या नख्या आहेत. आमच्या पूर्वजांना पाय होते, त्याची ती खूण. तुमच्यासारखे कान मला नाहीत. तुमचं बोलणं मी जबड्याच्या हाडांनी ऐकते.

वडपे गावातल्या एका गोदामामागे, मोडक्या फळ्यांच्या ढिगात, मी एकोणीस अंड्यांना वेटोळं घालून बसले होते. महिनाभर पोटात काही नाही. गारवा वाटला की अंग थरथरवायचं, म्हणजे अंड्यांना ऊब मिळते. एखादं गार पडलं तर? दिवसभर हाच घोर.

फळी उचलणाऱ्या सोमाला माझी ठिपक्यांची पाठ तेवढी दिसली.

"आयला, घोणस हाय! काका, पहार द्या!"

मुकादम केसरीनाथ धावत आला. "ठेच डोकं! इथं बायापोरी कामाला येतात."

मला पळता आलं असतं. पण अंडी टाकून कुठं जाऊ?

तेवढ्यात पॅकिंगवाली वनिता ओरडली, "थांब रे सोमा! घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी असतात. ही तर वेडीवाकडी ठिगळं हायत."

"तू काय सापांची डॉक्टरीण हायस?"

"पडघ्याला शेतात वाढलेय मी. तुझ्यासारखी दोरीला भीत न्हाय."

तरी पहार वर गेलीच. मग मी महिनाभर केलं नव्हतं ते केलं. वेटोळं सैल सोडलं. पांढरी अंडी उजेडात आली.

"अंडी बघा काका! घोणस अंडी घालत न्हाय, पिल्लंच देते. ही अजगरीण हाय, बाळंतीण!"

केसरीनाथाने सोमाचा हात धरला. "ठेव खाली. बाळंतिणीवर हात उचलायचा न्हाय."

वनखात्याला फोन गेला. त्यांची माणसं बघून गेली, लांबूनच जपा म्हणाली. ढिगाभोवती दोरी बांधली. टेम्पो आला की सोमाच ओरडायचा, "ए, पलीकडून घे! आत बाळंतीण हाय!"

आणि महिन्याने अंडी फुटली. एकोणीसच्या एकोणीस! एकही गार पडलं नाही. हातभर लांबीची, चकचकीत माझी लेकरं कुणाची वाट न बघता चारी दिशांना निघाली. त्या दिवशी मी पोटभर घूस खाल्ली.

आता ती तुमच्या शेतात, गोदामात कुठंही दिसतील. एवढ्याशा अंगाने ती माझ्यापेक्षाही जास्त घोणशीसारखी दिसतात. म्हणून शेजारणीला सांगा, कामावरच्यांना सांगा, घरी पोरांना सांगा: साप दिसला की लांब उभं राहा, काठी उचलू नका, वनखात्याला फोन करा. ते माझंच एखादं लेकरू असेल.